अल्पवयीनांचे पिअर्सिंग : पालकांच्या संमतीचे नियम

कान, नाक, भुवई, ओठ, जीभ, बेंबी अशा ठिकाणी छिद्र पाडून त्यात दागिना घालणे म्हणजे बॉडी पिअर्सिंग. अल्पवयीन व्यक्तीला असे टोचून घ्यायचे असल्यास पालकांची संमती कधी लागते, ती कशी द्यायची आणि कोठे ती दिली तरी चालत नाही, याविषयीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. या नियमांत वयाइतकेच महत्त्व अवयवाला असते. कान टोचण्याला अनेकदा सवलत मिळते आणि गुप्तांगांच्या बाबतीत काही कायद्यांत पालकांचा होकारही निरुपयोगी ठरतो. त्यामुळे संमतीचा खरा प्रश्न उरतो तो मधल्या अवयवांपुरता.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम ६५२ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीचे पिअर्सिंग पालकांच्या समक्ष किंवा त्यांनी नोटरीसमोर लिहून दिलेल्या परवानगीनेच करता येते. नियम मोडल्यास टोचणाऱ्याला २५० डॉलरपर्यंत दंड होतो. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पडताळतो, पण सही करणारा त्या मुलाचा पालक आहे की नाही हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्या दृष्टीने पालकांनी स्वतः हजर राहणे अधिक भरवशाचे. कान टोचणे या कलमाच्या व्याख्येतूनच वगळलेले आहे. ही सवलत कानाच्या मऊ पाळीपुरती असती तर समजण्यासारखी होती. पण कानाच्या वरच्या भागातील कूर्चेला (लवचिक, हाडासारख्या भागाला) रक्तपुरवठा कमी असतो, तेथील जखम भरायला कित्येक महिने लागतात आणि संसर्ग झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. कायद्याने तो भेद केलेला नाही. स्तनाग्रे व जननेंद्रिये यांचे पिअर्सिंग मात्र राज्याच्या आरोग्यविषयक कायद्याने अल्पवयीनांसाठी पालकांच्या संमतीनेही निषिद्ध ठरवले आहे.

ब्रिटनमध्ये एकाच राज्यसंस्थेत तीन तऱ्हा दिसतात. इंग्लंडमध्ये १९६९ च्या कायद्याने गोंदवण्यासाठी १८ वर्षांची अट घातली, परंतु पिअर्सिंगसाठी किमान वय ठरवलेले नाही. तरीही मुलाने हो म्हटले म्हणजे व्यावसायिक सुटला, असे नाही. १२ व १३ वर्षांच्या दोन मुलांच्या बाहूंवर गोंदवणाऱ्याविरुद्धच्या ‘बरेल विरुद्ध हार्मर’ या खटल्यात, मुलांना त्या कृतीचे स्वरूप उमगत नव्हते म्हणून त्यांची संमती बचाव ठरू शकली नाही. स्कॉटलंडमध्ये २००६ च्या परवाना आदेशानुसार १६ वर्षांखालील मुलासोबत पालकाने येणे आणि लेखी संमती देणे, दोन्ही आवश्यक आहे. वेल्सने २०१७ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तींच्या दहा शरीरभागांचे पिअर्सिंग गुन्हा ठरवले. ही तरतूद १ फेब्रुवारी २०१८ पासून लागू आहे. त्या दहांत जिभेचाही समावेश आहे, आणि आईवडील शेजारी उभे असले तरी गुन्हा तो गुन्हाच.

भारतात पिअर्सिंगचे वय ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. कर्णवेध हा संस्कारच असल्याने पालकांची संमती येथे गृहीतच धरली जाते. सुश्रुतसंहितेत सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, बाळाला दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवत, मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधी टोचावा असे सांगितले आहे. महाराष्ट्रात हे काम परंपरेने सोनाराचे. आता अनेक घरांतून बाळाला डॉक्टरांकडे नेले जाते.

वाद उद्भवल्यास भारतीय न्याय संहितेतील सर्वसाधारण तरतुदींकडे वळावे लागते. कलम २७ नुसार १२ वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने आणि पालकांच्या स्पष्ट किंवा गर्भित संमतीने केलेल्या कृतीला संरक्षण मिळते, तर कलम २८ नुसार एरवी १२ वर्षांखालील मुलाने स्वतः दिलेली संमती ही संमतीच मानली जात नाही. हिताचा मुद्दा नसताना स्वसंमतीने इजा पत्करण्याविषयीच्या कलम २५ मध्ये वयाची अट १८ वर्षांहून अधिक अशी आहे. त्यामुळे भुवई किंवा बेंबी टोचून घेऊ पाहणारी पंधरा वर्षांची मुलगी कोणत्या कलमात बसते, हे त्या टोचण्याला तिचे ‘हित’ म्हणायचे की नाही यावर अवलंबून राहते.