घनफळाला बांधणारी टोपॉलॉजी : पार्श्वभूमी

बेळगावात मांडे करणाऱ्या बायका भिजवलेल्या कणकेचा गोळा हातांवर फिरवत पालथ्या खापराएवढा मोठा करतात. त्याचा पसारा कितीतरी पटींनी वाढतो, पण कुठे भोक पडत नाही, म्हणून टोपॉलॉजीच्या लेखी गोळा आणि मांडा एकच असतात. मापांकडे असे दुर्लक्ष करणारे हे शास्त्र एका जातीच्या त्रिमितीय अवकाशांचे घनफळ मात्र नेमके ठरवून टाकते, आणि गेल्या शतकातील भूमितीत याहून विस्मयकारक गोष्ट मला तरी दिसत नाही. (आपल्या सीमाभागात मराठी शाळेतून दहावी झालेली मुले पुढे विज्ञान बहुधा इंग्रजीतूनच शिकतात, म्हणून पारिभाषिक शब्द त्यांच्या ओळखीचेच ठेवले आहेत.)

लोबाचेव्स्की (१८२९) आणि बोल्याई (१८३२) यांनी मांडलेल्या हायपरबोलिक भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते आणि जितकी तूट अधिक तितके क्षेत्रफळ अधिक असते. त्यामुळे वक्रता (वाकण्याचे माप) सगळीकडे -१ असलेल्या, g भोकांच्या बंदिस्त पृष्ठाचे क्षेत्रफळ 4π(g-१) एवढेच येते. पृष्ठाचा आकार अगणित प्रकारे बदलता येतो, क्षेत्रफळ बदलता येत नाही. हे सूत्र ऑयलर संख्येवर (पृष्ठाचे त्रिकोणांत तुकडे केले, तर शिरोबिंदू वजा कडा अधिक त्रिकोण) उभे आहे. बंदिस्त त्रिमितीय मॅनिफोल्डची (जवळून पाहता सगळीकडे साध्या अवकाशासारख्या दिसणाऱ्या अवकाशाची) ऑयलर संख्या नेहमी शून्य असल्याने तिथे हा मार्ग खुंटतो.

दुसरा मार्ग १९६८ मध्ये मोस्टो यांनी उघडला. तीन किंवा अधिक मितींच्या बंदिस्त हायपरबोलिक मॅनिफोल्डची (ज्यावर सगळीकडे हायपरबोलिक भूमिती चालते) टोपॉलॉजी ठरली की भूमितीही, म्हणून घनफळही, संपूर्ण ठरते, असे त्यांनी सिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोपाल प्रसाद यांनी १९७३ मध्ये हा सिद्धांत अनंतापर्यंत पसरलेल्या, पण सांत घनफळाच्या मॅनिफोल्डांपर्यंत नेला. गाठीभोवतालचे अवकाश याच वर्गात मोडतात, म्हणून ही भर महत्त्वाची ठरली. दोरीला इंग्रजी आठाच्या आकाराची गाठ मारून टोके जोडली, तर तिच्याभोवतालचा अवकाश हायपरबोलिक असतो, हे रायली यांनी १९७० च्या दशकात दाखवले. तो दोन आदर्श चतुष्फलक (ज्यांचे शिरोबिंदू अनंतावर असतात) चिकटवून तयार होतो. प्रत्येकाचे घनफळ १.०१४९…, म्हणून एकूण २.०२९८….

त्याच दशकाच्या अखेरीस प्रिन्स्टनमधील व्याख्यानांत थर्स्टन यांनी विषयाचे रूप पालटले. ग्रोमोव्ह यांनी केवळ टोपॉलॉजीतून एक संख्या व्याख्यित केली होती आणि तिला १.०१४९… ने गुणले की घनफळ मिळते. शिवाय अनंतापर्यंत जाणारे टोक डेन सर्जरीने (टोक कापून तिथे भरीव वळे चिकटवून) बुजवून नवा हायपरबोलिक मॅनिफोल्ड मिळाला, तर घनफळ घटतेच. यॉर्गेन्सन आणि थर्स्टन यांच्या सिद्धांतानुसार घनफळांच्या कोणत्याही संग्रहात एक सर्वांत लहान असतेच आणि एकाच घनफळाचे मॅनिफोल्ड मोजकेच असतात.

मग एकूणात सर्वांत लहान कोणता? वीक्स मॅनिफोल्ड, घनफळ ०.९४२७…, दिशाक्षम मॅनिफोल्डांपुरते (ज्यांत फिरून परत आल्यावर डावे-उजवे उलटत नाही) हे गाबाई, मायरहॉफ आणि मिली यांनी २००९ मध्ये सिद्ध केले. त्याआधी २००४ मध्ये लॅकनबी यांनी, आलटून-पालटून वर-खाली जाणाऱ्या हायपरबोलिक गाठीच्या योग्य आकृतीतील पिळांचे पट्टे (जिथे दोन धागे एकमेकांभोवती पिळतात) नुसते मोजून घनफळाला खालून आणि वरून मर्यादा घालता येते, हे दाखवले. कागदावरच्या रेघांतून घनफळाचा अंदाज यावा, यात मोस्टो यांच्या सिद्धांताचे खरे बळ दिसते.

ही सगळीच घनफळे परस्परांच्या परिमेय पटीत असतात असे नाही, हे दाखवा, असे थर्स्टन यांनी १९८२ मध्ये सुचवले होते. ते अजून कोणाला सिद्ध करता आलेले नाही.