विज्ञान शिक्षकाच्या पाठीशी कोण?

शाळेतल्या विज्ञानाविषयी बोलताना पाठ्यपुस्तक बरे की वाईट आणि प्रयोगशाळा आहे की नाही, येथेच बहुधा गाडी अडते. वर्गात उभा असलेला शिक्षक स्वतःच विषयात अडला तर त्याने कोणाकडे जायचे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. या कामासाठी महाराष्ट्रात निरनिराळ्या काळी निरनिराळी माणसे नेमली गेली: तपासनीस, विस्तार अधिकारी, विज्ञान पर्यवेक्षक, केंद्रप्रमुख, साधन व्यक्ती. पदनामांची ही रांग पाहिली की असे दिसते, की एकच गरज पुन्हा पुन्हा ओळखली गेली आणि दर वेळी तपासणी व कागदपत्रांच्या ओझ्याखाली ती दबून गेली.

याची सुरुवात आपल्याकडे खरे तर चांगली झाली होती. बाळशास्त्री जांभेकर यांची ओळख ‘दर्पण’कार म्हणून सांगितली जाते, पण त्यांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यातून भूगोल, भौतिक आणि रसायन यांसारखे विषय मराठीत आणले, कुलाबा वेधशाळेचे काम पाहिले, आणि पुढे शाळातपासनीस व शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख अशा दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळल्या. विषय जाणणारा, शिक्षक घडवणारा आणि शाळा पाहणारा माणूस एकच असण्याचा हा योग होता. जांभेकर १८४६ मध्ये गेले. कंपनी सरकारचे शिक्षणधोरण ठरवणाऱ्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले, तेव्हा तपासनिसाचे काम हळूहळू मुलांची परीक्षा घेणे, हजेरीपट पाहणे आणि अनुदानाची शिफारस करणे यापुरतेच उरले. गावोगावच्या लोकांनी ज्याला ‘डिपुटी’ म्हणून ओळखले तो हाच. त्याच्या भेटीच्या दिवशी शाळा सारवून ठेवायची आणि मुलांना उत्तरे घोकून ठेवायची, हा रिवाज तेव्हाचा, आणि तो अजून पुरता मोडलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२–५३) माध्यमिक शिक्षणाचा आढावा घेतला आणि त्या दशकात अध्यापक महाविद्यालयांना जोडून विस्तार सेवा विभाग सुरू झाले. महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने जवळपासच्या शाळांत जाऊन तिथल्या शिक्षकांना साहाय्य करावे, अशी ती कल्पना होती. शाळांतली विज्ञान मंडळे याच प्रवाहातली. १९६१ मध्ये एनसीईआरटी, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, स्थापन झाली. १९६३ पासून अमेरिकेच्या साहाय्याने विज्ञान व गणिताच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले, आणि त्याच सुमारास युनेस्कोमार्फत सोव्हिएत तज्ज्ञही भारतातल्या शालेय विज्ञानाचा आराखडा करायला आले होते. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंना भारतीय मुलांनी विज्ञान शिकावे असे एकाच वेळी वाटत होते, हा योगायोग खचितच नव्हता. उन्हाळी वर्गांचा शिक्षकांना लाभ झाला, यात शंका नाही. पण जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या शिक्षकाला पुन्हा भेटणारे कोणी नव्हते.

दौलतसिंह कोठारी हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने (१९६४–६६) पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे करावे, अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि ग्रामीण शाळेची स्थिती त्यांना ऐकून नव्हे तर पाहून ठाऊक होती. माध्यमिक शाळेने आसपासच्या प्राथमिक शाळांना हाताशी धरावे, ही ‘शाळा संकुला’ची कल्पनाही याच अहवालातली. महाराष्ट्राने नवा आकृतिबंध स्वीकारला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्याआधी ज्यांना विज्ञान वा गणित सोडून देता येत असे, त्यांनाही आता ते विषय घ्यावे लागणार होते. धोरण म्हणून हे योग्यच होते. अडचण अशी होती, की विज्ञान सर्वांना सक्तीचे झाले तरी विज्ञानाचा पदवीधर शिक्षक सर्वत्र नव्हता, आणि जो होता त्याने स्वतःच्या शालेय जीवनात फारसे प्रयोग केलेले नव्हते.

शासनाने यावर दोन उपाय केले. एक संस्थेचा: नागपूरला राज्य विज्ञान शिक्षण संस्था उभी राहिली, आणि तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी चढणाऱ्या विज्ञान प्रदर्शनांशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. दुसरा उपाय पेटीचा. प्रयोगसाहित्याच्या पेट्या शाळांना पोचल्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने तर त्या प्राथमिक शाळांपर्यंत नेल्या.

या पेटीचे पुढे काय होते, हे ज्याने शाळेचे कपाट उघडून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. पेटीतली प्रत्येक परीक्षानळी आणि चंचुपात्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, चढते. फुटलेली वस्तू नोंदीतून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, आणि एका परीक्षानळीसाठी तो करण्यापेक्षा पेटी न उघडणे शहाणपणाचे ठरते. आता पोटॅशियम परमँगनेट तापवून ऑक्सिजन मिळवण्याचा साधा प्रयोग घ्या. वायू पाण्याखाली गोळा करून झाला, की आधी निर्गम नळी पाण्याबाहेर काढायची आणि मगच स्पिरिटचा दिवा विझवायचा. क्रम उलटा झाला तर नळी थंड होताना आतला दाब उतरतो, पाणी उलटे वर खेचले जाते आणि तापलेली काच तडकते. कृती वाचून प्रयोग करणाऱ्याच्या नजरेतून हे वाक्य सहज निसटते. शेजारी उभा राहून एकदा करून दाखवणारा कोणी असेल तर ते जन्मभर लक्षात राहते. विज्ञान शिक्षकाला साहाय्य करायचे म्हणजे काय, ते या एवढ्या गोष्टीत सामावलेले आहे. पण ते ना रजिस्टरमध्ये नोंदता येते, ना पेटीत भरून पाठवता येते.

हे ओळखणारी माणसे मुंबईत निघाली, आणि तीही अनपेक्षित जागी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांनी महानगरपालिकेच्या शाळांत जाऊन विज्ञान शिकवण्यावर काम सुरू केले. त्यातूनच १९७४ मध्ये, सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. केंद्राच्या उभारणीमागे भा. मा. उदगावकर यांची दृष्टी होती आणि प्रत्यक्ष कामाची धुरा वि. गो. कुलकर्णी यांच्याकडे होती. मानखुर्दच्या आजच्या आवारात केंद्र १९९० च्या दशकात गेले. त्याआधीची वर्षे त्याने नाना चौकातल्या पालिका शाळेच्या इमारतीत काढली. शाळेच्या घंटेच्या टप्प्यात बसून संशोधन केल्यामुळे केंद्राच्या प्रश्नांना वेगळेच वळण लागले, असे मला वाटते.

भाषेवरचे काम हे त्याचे उत्तम उदाहरण. मुलांना विज्ञान समजत नाही असे आपण म्हणतो तेव्हा त्यांना बऱ्याचदा पुस्तकाचे मराठी समजलेले नसते, हे कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आशय तोच ठेवून वाक्ये सोपी केली, की मुलांची समज वाढते, इतकेच नव्हे तर वर्गात ती बोलू लागतात आणि शिक्षकाशी त्यांचा संवाद सुरू होतो. संस्कृतप्रचुर परिभाषेच्या ओझ्याबद्दल मराठीत वाद पुष्कळ झाले होते. वर्गात उतरून तो प्रश्न तपासण्याचे काम मात्र येथे झाले. पालिका शाळांतल्या, घरी शिक्षणाची परंपरा नसलेल्या मुलांना योग्य साहाय्य मिळाले तर ती कोठवर पोचतात, याचाही केंद्राने पद्धतशीर शोध घेतला. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत केंद्राने केलेला प्रकल्प हा त्याच ध्यासाचा भाग. मुंबईच्या शाळेत जे जमले ते रावेर तालुक्यात जमते का, हे तिथे जाऊनच पाहायचे होते.

मुंबईतल्या प्रयोगाचा धागा सातपुड्याच्या पलीकडेही गेला. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत (तिकडे माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी) विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या प्रशिक्षणांत टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ होते, दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक होते. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेला, आणि १९८२ मध्ये त्याची जबाबदारी घेण्यासाठी एकलव्य ही संस्था निघाली.

होशंगाबादकडे आपण पाहायचे ते त्यांच्या प्रयोगांसाठी तर खरेच, पण त्याहून अधिक त्यांच्या रचनेसाठी. उन्हाळ्यात शिक्षकांचे काही आठवड्यांचे प्रशिक्षण होई आणि त्यात शिक्षक मुलांसारखे स्वतः प्रयोग करत. वर्षभर दर महिन्याला गोष्ठी म्हणजे बैठक भरे. वर्गात काय बिघडले ते शिक्षक तिथे मांडत. शाळांत जाऊन वर्ग पाहणे याला त्यांनी ‘अनुवर्तन’ असा शब्द घेतला. तो तपासणीपेक्षा वेगळा असावा, म्हणून मुद्दाम घेतलेला. हे अनुवर्तन करणाऱ्यांत विद्यापीठातले लोक जसे होते तसे त्याच जिल्ह्यातले अनुभवी शिक्षकही होते, आणि माझ्या मते हाच कार्यक्रमाचा कणा होता. मुलांनी प्रश्न विचारायचे ते ‘सवालीराम’ या नावाने पत्र लिहून. उत्तर हमखास येई. याच काळात पुण्याच्या टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता रजा काढून तिकडे गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे व आगकाड्या यांपासून भूमितीचे आकार बनवण्याची त्यांची युक्ती तिथे जन्मली. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी अशी शेकडो खेळणी शिक्षकांच्या हाती दिली. त्यांच्यासाठी डेडस्टॉक रजिस्टर उघडावे लागत नाही, हा त्यांचा मोठाच गुण.

तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम राज्य सरकारने २००२ मध्ये बंद केला. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक असावे, हा त्यामागचा एक युक्तिवाद होता. शिक्षकांची मासिक बैठक पुस्तकाबरोबर बंद करण्याचे काही कारण नव्हते; पण ती पुस्तकाशीच जोडलेली असल्याने तीही गेली.

महाराष्ट्रात शिक्षकांनी स्वतः उभारलेले आधारही आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने व्याख्याने, शिबिरे आणि पत्रिका यांतून शाळांशी संबंध ठेवला. बृहन्मुंबईतल्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने १९८१ पासून होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. तिच्यात लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिक आणि कृती-संशोधन प्रकल्पाचे टप्पे आहेत. आज या स्पर्धेच्या तयारीचे स्वतंत्र क्लास चालतात, हा आपल्या काळाचा महिमा. तरी शाळेत शिकवणाऱ्या माणसांनी संघटित होऊन विज्ञानाचा कस काय असावा हे ठरवले, हे महत्त्वाचे.

शासकीय बाजूला १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलीतले ‘डाएट’, आणल्या. महाराष्ट्राने नोव्हेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने दहाएक शाळांच्या गटामागे एक केंद्रप्रमुख हे पद निर्माण केले. मागे वळून पाहता, कोठारी आयोगाचे शाळा संकुल आणि होशंगाबादची मासिक बैठक यांच्या सर्वांत जवळ जाणारे पद हेच. केंद्रप्रमुखाने वर्ग पाहावेत, आदर्श पाठ द्यावेत, दरमहा शिक्षण परिषद घ्यावी, असे कामाचे स्वरूप ठरले. सर्व शिक्षा अभियानात त्याच्या जोडीला गटसाधन केंद्रातले विषयतज्ज्ञ आले, तेही कंत्राटी. पुढे काय झाले ते शाळांत सगळ्यांना माहीत आहे. सरल आणि यू-डायस या शाळांची माहिती ऑनलाइन भरण्याच्या प्रणाली, शालेय पोषण आहार, मतदार याद्या यांचे टपाल केंद्रशाळेतूनच खाली जाते आणि तिथूनच वर येते. शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ कोणत्या शाळेची माहिती भरायची राहिली, यातच संपतो. पदेही रिकामी पडत गेली. २०२३ मध्ये दोन हजारांहून अधिक जागांसाठी मर्यादित विभागीय परीक्षेची जाहिरात काढावी लागली.

आणखी एक गोष्ट या पदाच्या मुळातच राहून गेली. केंद्रप्रमुख सर्व विषयांचा असतो. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा स्वतंत्र शिक्षक सांगितला. त्याच्या पाठीशी उभा राहणारा मात्र भाषेचा किंवा इतिहासाचा पदवीधर असू शकतो, आणि आरशातली प्रतिमा कोठे पडेल यावर दोघांचे अडले तर वर विचारायला ‘डाएट’मध्ये त्या विषयाची जागा भरलेली असेलच असे नाही. मग शिक्षक काय करतो? फळ्यावरच्या आकृतीचा फोटो काढून तो विज्ञान शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. संध्याकाळपर्यंत कोणीतरी कागदावर किरणाकृती काढून पाठवते. उत्तर देणारा बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यातला, स्वतःचे तास घेऊन घरी आलेला शिक्षक असतो, आणि त्याच्या सेवापुस्तकात या कामासाठी रकाना नाही.