गाजर, व्यायाम आणि ऊन: डोळ्यांच्या नैसर्गिक उपायांची पार्श्वभूमी

चष्मा लागला की गाजर खा, डोळ्यांचे व्यायाम करा, असे सल्ले लगेच सुरू होतात. हे सल्ले आले कुठून, हे पाहिलं की त्यातलं काय घ्यायचं ते बरंचसं कळतं.

सर्वांत जुना आणि खरा ठरलेला उपाय रातांधळेपणावरचा. प्राचीन ग्रीक वैद्य त्यासाठी यकृत खायला सांगत. गुण येई, पण कारण ठाऊक नव्हतं. १९१३ मध्ये जीवनसत्त्व अ चा शोध लागला. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांनी दाखवलं की डोळ्याच्या पडद्यातलं, अंधुक उजेड टिपणारं रंगद्रव्य याच जीवनसत्त्वापासून बनतं. त्यांना १९६७ चं नोबेल मिळालं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर हेच जीवनसत्त्व तयार करतं. म्हणजे कमतरता असेल तर गाजर उपयोगी, नसेल तर कितीही खाल्लं तरी नंबर उतरत नाही. गाजराचा बोलबाला वाढला तो दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश वैमानिक रात्री शत्रूची विमानं पाडतात ती गाजरं खाऊन, असा प्रचार झाला. खरं काम विमानातल्या रडारचं होतं.

व्यायामांचं मूळ अमेरिकन डॉक्टर विल्यम बेट्स यांच्या १९२० च्या पुस्तकात सापडतं. डोळ्याबाहेरचे स्नायू ताणले गेल्यानं नजर बिघडते, असं ते म्हणत. पण जवळचं पाहताना स्पष्ट दिसतं ते डोळ्यातलं भिंग आकार बदलतं म्हणून, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १९ व्या शतकातच मांडलं होतं. चाळिशीनंतर ते भिंग कडक होत जातं; व्यायामानं ते मऊ होत नाही. बेट्स सूर्याकडे पाहायलाही सांगत. हे मला सर्वांत घातक वाटतं, कारण त्यानं पडदा कायमचा भाजू शकतो.

उतारवयात पडद्याच्या मध्यभागाची झीज होते. तिच्या मधल्या टप्प्यावर ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्या गोळीनं तिचं वाढणं मंदावतं, हे २००१ च्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. त्या गोळीतलं बीटा कॅरोटीन मात्र धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्यामुळे वर्ज्य आहे.

मुलांच्या लघुदृष्टीत, म्हणजे दूरचं धूसर दिसण्यात, डोळ्याचा गोळाच लांबट होतो. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा मैदानी तास ठेवला. तीन वर्षांनी तिथल्या सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली. इतर शाळांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ होतं. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच लागलेला नंबर मात्र मैदानात खेळून जात नाही, त्यामुळे हा तास चष्मा लागण्याआधीच्या वयात हवा.