मांजर निघालं पुण्याला

आपल्याकडे मांजर नकोसं झालं की त्याला पोत्यात घालतात आणि नदीपल्याड नेऊन सोडतात. दोन-तीन दिवसांनी ते परत ओट्यावर हजर! वर्धेच्या काठावरच्या कोणत्याही गावात विचारा, असा एखादा बोका निघतोच. यात थाप कमी आणि तथ्य जास्त आहे. फ्रान्सिस हेरिक या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञानं १९२२ साली पिलं असलेल्या एका मांजरीला एक ते तीन मैलांवर नेऊन सोडलं होतं आणि ती घरी परतली होती.

आता हेच मांजर पांढरकवड्याहून पुण्याला न्यायचं आहे. मुलाला तिकडे नोकरी लागली, आईवडीलही सोबत चालले, घराला कुलूप लागणार. सहाशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता. मांजराच्या लेखी मात्र सहाशे किलोमीटर आणि सहा किलोमीटर सारखेच. घराचा वास संपला की परका मुलूख सुरू.

हा वास डोळ्यांनीही दिसतो. मांजर असलेल्या घरात दाराच्या चौकटीजवळ उकिडवं बसून पाहा. जमिनीपासून वीतभर उंचीवर, नेमक्या कोपऱ्यावर, एक तेलकट काळपट पट्टा दिसेल. बाजेच्या पायालाही तसाच. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर आणि कपाळावर ग्रंथी असतात. येता-जाता ते गाल घासतं तेव्हा त्या ग्रंथींतला स्राव तिथं लागतो. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही, मांजराला मात्र ‘ही जागा ओळखीची’ एवढं त्यातून कळतं. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं एकटं राहणारं रानमांजर. कळप नाही, म्हणून आधार काय तो आपल्या हद्दीचा.

म्हणून पहिली तयारी पिशवी भरण्याची नाही, वास सोबत घेण्याची. ज्या गोधडीवर मांजर झोपतं ती न धुता पेटीत अंथरा. पेटी प्लास्टिकची कडी असलेली असो की बाजारातली जाळीची, ती निघायच्या दिवशी माळ्यावरून काढू नका. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१८ साली २२ मांजरांवर अभ्यास केला. ज्यांना सहा आठवडे खाऊ देऊन देऊन पेटीची सवय लावली होती, त्यांच्यात प्रवासात ताणाची लक्षणं कमी दिसली. सहा आठवडे जमत नसतील तर पंधरा दिवस तरी पेटी घरात उघडी पडू द्या, जेवण आतच ठेवा. पोत्याला माझा साफ विरोध आहे. त्यात हवा खेळत नाही, आणि मांजर घाबरून मुतलं की तेच ओलं पोतं अंगाला चिकटून बसतं. काळीपिवळीत मांडीवर घेऊन बसण्यालाही विरोधच. एक कर्कश हॉर्न वाजला की ते ड्रायव्हरच्या पायात. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला ८० हजारांच्याही वरचं. ब्रेकची जी किरकिर आपल्या कानावरही येत नाही ती त्याच्या कानात शिरते.

गाडी लागणं मांजरालाही असतं. आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना तर पेटीची भिंत स्थिर दिसते, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. उलटीच्या आधी ते ओठ चाटतं, सारखं गिळतं, हनुवटी लाळेनं ओली होते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हे हमखास दिसेल. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर कमी, पण तिथंही वेगाची हौस आवरलेली बरी. निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं असू द्या, पाणी चालेल. आणि घरातल्या आजीनं मायेनं पुढे केलेली दुधाची वाटी तर नकोच. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, कारण ती पचवणारं लॅक्टेज हे विकर पिल्लूपण सरलं की कमी होत जातं. त्याचा निकाल मग बंद गाडीत लागतो.

आता खरा धोका. तो विदर्भात एप्रिल ते जून आपल्या डोक्यावरच असतो. मांजर मूळचं कोरड्या मुलखातलं, त्यामुळे ऊन सोसतं असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. घाम त्याला जवळजवळ फक्त तळव्यांना येतो. अंग चाटून लाळेच्या बाष्पीभवनानं गार होणं, सावली शोधणं आणि गार फरशीवर पसरणं हे त्याचे उपाय, आणि पेटीत यातले शेवटचे दोन बंद. शरीराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश. बाहेर ४५ असताना उष्णता अंगातून बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. कुत्रा धापा टाकतो ते रोजचंच, पण मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर परिस्थिती हाताबाहेर चालली आहे असं समजावं.

टपरीवर चहा प्यायला गाडी थांबली आणि काच दोन बोटं खाली ठेवली, हे पुरेसं नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही.

आपल्याकडे एक सोय मात्र आहे, आणि ती आपण कूलरमुळे रोज अनुभवतो. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतं. मे महिन्यात दुपारी हवा ठणठणीत कोरडी असते, म्हणून पाणी भराभर उडतं आणि वाळ्याच्या ताटीतून गार वारा येतो. एसी नसलेल्या गाडीत पेटीच्या एका बाजूला ओला दुपट्टा टाका, बाकीच्या बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा, तत्त्व तेच. जुलैत हा उपाय कुचकामी, कारण हवाच दमट असते. आणि सगळी पेटी ओल्या फडक्यानं गुंडाळली तर आत वाफ कोंडते. त्यापेक्षा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, टाळून, पहाटे चारला निघालेलं केव्हाही चांगलं. ऊन लागलंच तर अंगावर साधं पाणी घाला, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी नको.

ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मांजर पाहत नाहीत असं समजू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी तिथं जा. फार घाबरणाऱ्या मांजराला प्रवासाआधी द्यायचं गॅबापेंटिनसारखं औषध आणि त्याची मात्रा तेच सांगतील. स्वतःच्या डब्यातली गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल तर मुळीच नाही. ती निकामी करून बाहेर टाकणारं विकर मांजराच्या यकृतात पुरेसं काम करत नाही. त्यातून बनणारी विषारी द्रव्यं रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतात, हिरड्या तपकिरी पडतात. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

रेल्वेचं थोडक्यात: मांजर सोबत हवं तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डजवळचा सामानाचा डबा. मे महिन्यात ब्रेकव्हॅनचा विचारही नको. आणि दिवाळीच्या चार दिवसांसाठी नेत असाल तर नेऊच नका, शेजारीण रोज भाकर घालेल.

अर्थात, मांजरानं माणसासोबत दूर जाणं नवं नाही. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. त्या बेटावर रानमांजरं मुळात नव्हतीच, म्हणजे कोणीतरी त्यांना होडीतून नेलं.

पुण्याला पोचल्यावर सगळं घर दाखवायची घाई करू नका. एक खोली, ती गोधडी, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे आणि लपायला एक खोका. नेदरलँड्समध्ये २०१४ साली निवाऱ्यातल्या नव्या मांजरांना लपायला खोके दिले, तेव्हा ती इतरांपेक्षा लवकर स्थिरावली. पहिला दिवस ते जेवलं नाही तर चालेल. दोन दिवस झाले तर डॉक्टर, कारण उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते. बोका मुतायला बसतो आणि काहीच येत नाही असं दिसलं तर त्याच तासाला न्या. दोन-तीन आठवडे दार बंदच ठेवा. नंतर पहिल्यांदा बाहेर सोडताना जेवणाच्या वेळेआधी, उपाशी पोटी सोडा, आणि वाटी वाजवायला दारात कोणीतरी उभं असू द्या.