धुळीची ॲलर्जी, पण कुठल्या धुळीची?

गोव्यात डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात कुणी ‘मला धुळीची ॲलर्जी आहे’ म्हटलं, की विषय लगेच खनिजाच्या ट्रकांवर जातो. तो तांबडा धुरळा छातीला वाईटच, वाद नाही. पण आषाढात रस्ते धुऊन निघतात, धुरळा बसतो, तरी काहीजण रात्री गादीवर आडवे झाले की शिंकायला, धापा टाकायला लागतात. ते का?

श्वासनलिकेला आतून पेशींचं अस्तर असतं. त्यावर चिकट श्लेष्मा आणि तो घशाकडे लोटणारे सूक्ष्म केस, एवढं शाळेत झालेलं असतं. खरी कमाल आहे ती दोन पेशींमधल्या सांध्यात. आपल्या डोळ्यांसमोर चिऱ्यांची भिंत येते: चिरा, मध्ये चुना, पुन्हा चिरा. इथे चुना नाहीच. प्रत्येक पेशीच्या वरच्या कडेला सभोवार क्लॉडिन आणि ऑक्लुडिन या प्रथिनांच्या रांगा असतात. त्यांचा धागा पेशीच्या आवरणातून चार वेळा आरपार जातो, त्यामुळे दोन फास बाहेर राहतात आणि शेजारणीच्या फासांना भिडतात. आतल्या टोकाला झेडओ-१ हे प्रथिन त्यांना ॲक्टिनच्या तंतूंशी, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याशी, बांधतं. ऑक्लुडिन १९९३ साली सापडलं, क्लॉडिन १९९८ साली, दोन्ही जपानच्या शोइचिरो त्सुकिता यांच्या चमूला. पुढे ऑक्लुडिन नसलेल्या उंदरांतही सांधे तयार झालेले दिसले. मुख्य भार क्लॉडिनवर.

आता गादीकडे. तिच्यात राहणारे धूळकिडे कोळ्याच्या जातकुळीतले, मिलिमीटरच्या पाव भागाएवढे. आपल्या कातडीचा कोंडा खातात. पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषतात. आर्द्रता ५० टक्क्यांखाली टिकली तर सुकून मरतात. गोव्याच्या पावसाळ्यात ती भीती कुठली! त्यांच्या विष्ठेत डर पी १ नावाचं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. १९९९ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ते सोडलं, तेव्हा ऑक्लुडिनचे बाहेरचे फास तुटले, सांधे उघडले आणि विकर खाली झिरपलं. शरीरात या अस्तराखाली डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी, टपलेल्या. त्या हा ऐवज प्रतिकारशक्तीच्याच टी-पेशींना दाखवतात, काहींच्या शरीरात मग आयजीई ही ॲलर्जीची प्रतिपिंडं बनतात, आणि पुढच्या वेळी शिंका, दमा.

असा त्रास होणाऱ्या मुलाची दृष्ट काढायला कुणी मिरच्या जाळतं. तो धूर त्याच सुजलेल्या नळीत जातो, हे मात्र कुणी बघत नाही! ‘फुफ्फुस साफ करणारे’ काढेही एकही सांधा शिवत नाहीत. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर सोडू नका. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले तर किडे मरतात, विकरही बरंचसं वाहून जातं. कडक उन्हाची वाट बघत बसलात तर गणेशचवथ येईल.