अलौकिकाविना धर्म : आंबेडकरी धम्मविचाराची पार्श्वभूमी

धर्म म्हटला की देव आलाच, हे गृहीत भारतात कधीच पूर्णपणे खरे नव्हते. सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारा जैन धर्म येथे अडीच हजार वर्षे नांदतो आहे, आणि वेदप्रामाण्य मानणाऱ्या दर्शनांतही निरीश्वर सांख्य (प्रकृती-पुरुष मानणारे) व पूर्वमीमांसक (वैदिक यज्ञकर्मालाच प्रमाण मानणारे) यांना अशा ईश्वराची गरज भासली नाही. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात (हे शिरूर पुणे जिल्ह्यातले नव्हे, हा उडुपीच्या अष्टमठांपैकी एक मठ) धर्म ईश्वरवादीच असला पाहिजे असे नाही, असे म्हटले आणि दाखला दिला तो बौद्ध व जैन धर्मांचा. मात्र ईश्वर नसणे वेगळे आणि अलौकिक काहीच नसणे वेगळे. जैनांकडे पुनर्जन्म आणि केवलज्ञान (मुक्त आत्म्याची सर्वज्ञता) आहे, मीमांसकांकडे यज्ञाचे अदृष्ट फळ आहे, आणि जुन्या बौद्ध ग्रंथांत देवता, मार (मोहात पाडणारा), ऋद्धी म्हणजे चमत्कारी सिद्धी व पूर्वजन्मीच्या कथा पानोपानी भेटतात. हे सारे वजा केल्यावर धर्म म्हणण्याजोगे काही उरते का, हा प्रश्न विसाव्या शतकात महाराष्ट्रात धसास लागला, आणि तो लावणाऱ्यांची कारणे पोथीतली होती त्याहून अधिक त्यांच्या आयुष्यातली होती.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी या दिशेने अर्धी वाट चालून ठेवली होती. 1867 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्ती दूर केली, पण ईश्वर आणि प्रार्थना ठेवली. 1873 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन करून देव आणि माणूस यांच्यामधला मध्यस्थ हटवला, तरी ‘निर्मीक’ म्हणजे सृष्टी निर्माण करणारा राहिलाच. आगरकर त्याच्याही पुढे गेले, पण त्यांनी धर्माच्या जागी दुसरा धर्म उभा केला नाही.

बुद्धाकडे पुन्हा लक्ष वळले ते गोव्याच्या धर्मानंद कोसंबींमुळे. सांखवाळच्या या तरुणाने ‘बालबोधमेवा’ या मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्याच ओढीने पुढे घर सोडले. एका हिंदू मुलाच्या हाती बुद्ध ख्रिस्ती मासिकातून पडावा, ही या इतिहासातली मोठी गमतीची जागा आहे. पुणे, काशी, नेपाळ असे करीत ते सिलोनला पोहोचले आणि 1902 मध्ये भिक्षू झाले. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी सुत्तनिपात या जुन्या पाली ग्रंथातील अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवले. आटत चाललेल्या पाण्यातील माशांप्रमाणे एकमेकांशी झगडत तडफडणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले, असे त्या सुत्तात बुद्ध स्वतः सांगतो. म्हाताऱ्याच्या, रोग्याच्या आणि प्रेताच्या दर्शनाने झालेले वैराग्य बाजूला सरून गृहत्यागाला माणसामाणसांतल्या वैराचे कारण मिळाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वाट निराळी होती, पण तिच्याही आरंभी एक पुस्तकच आहे. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते आणि घरात रामायण-महाभारताचे वाचन नेमाने होत असे. अस्पृश्यांच्या मुलांनी हे ग्रंथ कशाला वाचायचे, या मुलाच्या प्रश्नावर द्रोण आणि कर्ण कुठून कुठे पोहोचले ते बघ, म्हणजे मनातला न्यूनगंड जाईल, असे वडिलांचे उत्तर असे. मुलाचे समाधान झाले नाही. पुढे शालेय यशाबद्दलच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ही हकिकत बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. म्हणजे आयुष्याच्या शेवटी श्रद्धेचे कारण सांगताना त्यांनी तात्त्विक सिद्धान्ताच्या जोडीला वडिलांशी घातलेला वाद आणि हाती आलेले पुस्तक यांचीही साक्ष काढली.

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात धर्म माणसासाठी आहे, माणूस धर्मासाठी नाही, अशी मांडणी केली. येथे एक शंका रास्त आहे: ज्याला देव नको, आत्मा नको, त्याने सरळ निधर्मी का होऊ नये? कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांनी 1934 मध्ये धार्मिक वृत्ती अलौकिकापासून सोडवता येते, असे प्रतिपादन केले होते, आणि ड्युईंचे ऋण बाबासाहेबांनी 1936 च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात उघडपणे मान्य केले आहे. परंतु माझ्या मते खरे उत्तर त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात सापडते. गरीब माणूस आशेवर जगतो, म्हणून धर्माची गरज गरिबालाच अधिक, असे त्यांनी तेथे सांगितले. ही आशा याच जन्मातली होती, परलोकातली नव्हे, आणि ती एकट्याने जोपासण्याजोगी नव्हती.

त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात अलौकिकावरील विश्वास हा अधम्म म्हणून पहिल्यानेच खोडून काढलेला आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता हे संभवत नाही, असे म्हणून त्यांनी परंपरागत कथा नाकारली. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (सिद्धार्थाचे कुळ) आणि शेजारचे कोलिय यांचा तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाच्या ठरावाला विरोध करतो आणि शाक्यांच्या संघाच्या शिक्षेपोटी परिव्रज्या म्हणजे संन्यास पत्करतो. पुनर्जन्म त्यांनी पूर्णपणे काढून टाकला नाही. मृत्यूनंतर शरीरातील चार महाभूते बाहेरच्या महाभूतांत मिसळतात एवढ्यापुरता तो ठेवला आणि आत्म्याचा प्रवास नाकारला. धर्म वैयक्तिक असतो, धम्म मात्र सामाजिक असतो. दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की धम्माची गरज उत्पन्न होते, आणि देवाची जागा नीती घेते, हे या ग्रंथाचे मुख्य सूत्र आहे.

परंपरावादी बौद्धांना हे रुचणे कठीणच होते. 1959 मध्ये ‘महाबोधी’ या नियतकालिकातील परीक्षणाने हा धम्म बुद्धाचा नसून आंबेडकरांचा आहे, असा आक्षेप घेतला. ग्रंथांच्या कसोटीवर या आक्षेपात तथ्य आहे. तथापि चार आर्यसत्ये (दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि त्याचा मार्ग) मूळची आहेत की नंतर घातलेली, असा प्रश्न बाबासाहेबांनीच ग्रंथाच्या प्रस्तावनेत उघडपणे विचारला होता, तेव्हा आपले विचार त्यांनी लपूनछपून बुद्धाच्या नावावर घातले, असे म्हणणे टिकत नाही.

2011 च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाखांहून अधिक महाराष्ट्रात राहतात. धर्मांतराच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आहे, आणि ती पुष्कळ घरांतून कसोशीने पाळली जाते. तरीही घरात कुणी गेले की काही दिवसांनी जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या (मृताच्या स्मरणार्थ होणाऱ्या कार्यक्रमांच्या) पत्रिका निघतात, त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, भन्ते (भिक्षू) किंवा बौद्धाचार्य (विधी चालवणारा गृहस्थ) चार शब्द बोलतात आणि मग नातलग एकेक आठवण सांगतात. मृताला यातून पुण्य पोहोचते असे काहींना वाटते. काहींच्या लेखी तो आप्तांना धीर देण्याचा प्रसंग असतो. या दोन्ही समजुतींची माणसे एकाच सतरंजीवर बसतात, आणि कार्यक्रमाच्या वेळी कोणाची समजूत कोणती, हे कोणी विचारत नाही.