जुनी गाडी सुरू होत नाही किंवा उभ्या उभ्या थरथरते: पार्ट बदलण्याआधी काय तपासाल

गाडी सुरू झाली नाही की नवी बॅटरी, आणि आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचं मंद चालणं) बिघडलं की नवे प्लग. आमच्या गॅरेजमध्ये ग्राहक बहुतेक वेळा हे आधीच करून येतात, आणि बिघाड मात्र जागच्या जागी असतो. पार्ट बदलण्याआधी बघा, ऐका, मोजा, एवढंच आमचं कळकळीचं सांगणं आहे. एक मल्टिमीटर, एक फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि प्लगचा पाना एवढ्यावर खालची बरीचशी तपासणी घरीच होते. ही माहिती पेट्रोल गाड्यांची आहे, कार्बुरेटरच्या आणि जुन्या इंजेक्शनच्याही.

सेल्फ फिरतो का?

पहिला प्रश्न हाच. सेल्फ (स्टार्टर मोटर) जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नका. प्लगला करंट येत नसेल किंवा पेट्रोल येत नसेल.

'कट-कट-कट' असा भराभर आवाज येतो आणि दिवे मंदावतात, तेव्हा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं कनेक्शन ढिलं असतं. एकदाच मोठा 'टक्' आवाज येऊन पुढे सगळं शांत, आणि दिवे मात्र लख्ख, असं असेल तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) काँटॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजल्याचा संशय घ्यावा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२ च्या आसपास आली तर ती जवळजवळ रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटरकडे बघा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी ताण सोसत नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर नवी बॅटरीसुद्धा काही दिवसांत उतरेल, कारण दोष चार्जिंगमध्ये आहे.

बॅटरीचे आकडे ठीक असूनही सेल्फ जड फिरतो? मग अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि बॉडीशी जोडणी) बघा. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नाही) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय. अर्थिंगची पट्टी वरून धडधाकट दिसते, पण बोल्ट सोडला की लगच्या (पट्टीच्या टोकाच्या कडीच्या) खाली तपकिरी गंजाची चकती सापडते. ती पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. बॅटरीचे क्लॅम्प काढताना निगेटिव्ह आधी सोडा आणि लावताना शेवटी लावा, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट होतो.

सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

करंट की पेट्रोल?

बराच वेळ सेल्फ मारून झाल्यावर प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास असलेला प्लग म्हणजे पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही. कोरडा आला तर पेट्रोलच येत नाही: पंप, फिल्टर किंवा पंपाचा रिले तपासा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत चावी ऑन केल्यावर मागून दोनेक सेकंद पंपाची घरघर ऐकू येते.

इंजिन ओव्हर झालं असेल (जास्त पेट्रोल जाऊन प्लग भिजले असतील) तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा. कार्बुरेटरच्या गाडीत पेडल पुन्हा पुन्हा मारू नका, प्रत्येक वेळी आणखी पेट्रोल आत जातं.

ओल्या हवेत त्रास होत असेल तर डिस्ट्रिब्युटर कॅपच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या झाकणाच्या) आत बघा. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय, कॅप बदला. गरम झाल्यावर गाडी बंद पडून थंड झाल्यावर आपोआप सुरू होत असेल तर इग्निशन मॉड्यूल (ठिणगी नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) किंवा क्रँक सेन्सरवर (इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्यावा. प्लगची वायर हातात धरून ठिणगी बघू नका. झटका जोरदार बसतो, आणि वायर मोकळी सोडून सेल्फ मारल्याने कॉइल, मॉड्यूलही जातात.

आयडलिंग बिघडलं तर

आधी आरपीएम बघा. काटा स्थिर आहे आणि फक्त केबिन थरथरतं, तर इंजिन माउंट (इंजिनचा रबरी आधार) बसलेलं असू शकतं. काटा नाचत असेल तर पुढे वाचा.

उभ्या गाडीत रखडणारं इंजिन रेस केल्यावर गुळगुळीत चालत असेल, तर पहिला संशय हवेच्या गळतीवर. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि इंजिन हवा थोडीच ओढतं, त्यामुळे बारीक फटीतून आलेली हवासुद्धा मिश्रण पातळ करते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. थ्रॉटल उघडला की तीच गळती नगण्य ठरते. काही इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र याच गळतीने आयडलिंग उलट वाढतं. व्हॅक्यूमचे रबरी पाइप नुसते बघू नका, वाकवून बघा. वळणाच्या खालच्या बाजूची चीर वाकवल्याशिवाय उघडत नाही. ब्रेक दाबल्यावर आयडलिंग बदलून तसंच बिघडलेलं राहिलं तर ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमने ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) डायफ्रॅम तपासायला हवा. कार्बुरेटर क्लीनर मारून गळती शोधतात, पण तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपजवळ तो अजिबात मारू नका, पेटतो.

गळती नसेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडल व्हॉल्व्ह, कार्बुरेटरमध्ये आयडल जेट, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), हे ओळीने बघावं.

मिसिंग (मध्येच एखादा ठोका चुकणं) ठरावीक तालात येत असेल तर सहसा एकच सिलिंडर काम करत नाही. त्याचा प्लग बघा: फिकट तपकिरी चांगला, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. प्लगची गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा; पॉइंटच्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघड-बंद होणारे काँटॅक्ट असलेल्या) जुन्या गाड्यांत ती बहुधा ०.७ ते ०.८ मिमी असते.

प्लग, करंट आणि पेट्रोल सगळं ठीक असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावंच लागतं. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) फार घट्ट असले तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत, म्हणून इंजिन उघडण्याआधी टॅपेट सेटिंग करून घ्यावं.

आमच्याकडे आणताना

त्रास गाडी थंड असताना होतो की गरम असताना, टाकीत पेट्रोल किती होतं, आदल्या दिवशी पाऊस किंवा वॉशिंग झालं होतं का, हे लिहून आणा. सकाळचा त्रास असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, म्हणजे सकाळचा पहिला सेल्फ आम्हालाच मारता येईल. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसून आणू नका, आणि येण्याआधी इंजिनवर पाणी मारू नका.